पितळेचा तीळ

९ फेब्रुवारी

आप्पा,

फोनवर तुम्ही येत नाही. दर वेळी ताई सांगते, "आंघोळीला गेलेत." माणूस इतक्या आंघोळी करायला लागला तर झिजून जाईल. म्हणून हा कागद. ताई वाचून दाखवेल. ताई, मधलं काही गाळायचं नाही. शाळेतून माझी तक्रार आली की तू अर्धीच वाचायचीस, ते मला ठाऊक आहे. तेव्हा बरं वाटायचं, आता नको.

आप्पा, आज मी आपली भट्टी पाहिली. फोनवर.

मी हल्ली हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे. वीटभट्टी सोडली, शीतगृह सोडलं, बस धुवायचं सोडलं, हे ताईने सांगितलं असेलच, आणि तुम्ही म्हणाला असाल, "बुडाखाली विंचू आहे त्याच्या." असू दे. इथे इस्त्रीच्या रुळांतून चादरी बाहेर येतात, गरम, पापडासारख्या ताठ. एक टोक मी धरतो, दुसरं जोडीदार धरतो, आणि घडी. दिवसभर तेच. जेवायच्या सुट्टीत आमच्या खोलीतला आचारी फोन घेऊन आला. तो इथल्याच स्वयंपाकघरात आहे. म्हणाला, "हे बघ रे, तू सांगतोस तसलंच कोणीतरी करतंय."

आधी नुसते हात दिसले. पत्रा कापणारे. मग डाव्या हाताचा अंगठा दिसला, वाकडा, नख नसलेला. माझा घास घशात अडकला. आचाऱ्याने पाठीत बुक्की घातली.

तुम्ही स्वतः पाहिला नसेल व्हिडिओ, म्हणून सांगतो काय काय दाखवलंत. लोखंडी पत्रा वाकवून गुरांच्या घंटेचा आकार दिलात. वर पितळेचे तुकडे लावलेत. गवत मळलेल्या चिखलात ती घंटा गुंडाळून गोळा केलात. गोळा भट्टीत. पितळ आत वितळून पत्र्यावर चढतं, गोळा फोडला की घंटा सोनेरी निघते. हे सगळं, आप्पा, त्या तुम्ही दाखवलंत, जे तुम्ही गिऱ्हाईक आलं की दार लोटून घ्यायचात. पाहुणा आला तरी भट्टीवर पोतं टाकायचात. आणि आता मी चादरी धुतो तिथला आचारीसुद्धा पितळ चढवायला शिकला.

खाली लिहिलं होतं ते त्याने वाचून दाखवलं. संग्रहालयाची माणसं आणि कुठले कुठले स्वयंसेवक मिळून जुन्या हुनरांची माहिती गोळा करतात आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. पानावर कोणीही भर घालू शकतं, कोणीही दुरुस्ती सुचवू शकतं. आपल्या घंटांचं एक आख्खं पान आहे. लांबलांबचे लोक ते बघून अंगणात भट्ट्या लावायला लागलेत.

मग ती जागा आली. गोळा भट्टीत ठेवण्याआधी तुम्ही सळई घेतलीत आणि गोळ्याच्या डोक्यावर भोक पाडलंत. म्हणालात, भोकातून ज्योत निघते, तिचा रंग बदलला की गोळा काढायचा.

मी आधी हबकलो. आणि मग इतका हसलो की मुकादम बघायला आला.

भोक! मला तुम्ही शिकवलं होतं गोळा पक्का लिंपायचा, केसाएवढी भेग राहता कामा नये. कोळशाची एक पाटी जळेपर्यंत थांबायचं आणि काढायचा. भोक पाडलं तर पितळ जळून जाणार नाही का? पण आपल्या धंद्याची रीत मला माहीत आहे. बाहेरच्याला सगळं सांगायचं, फक्त एक पायरी चुकीची सांगायची. आजोबांनी त्या व्यापाऱ्याला असंच शिकवलं होतं, तो दोन हंगाम तडकलेल्या घंटा काढत बसला. तुम्ही संग्रहालयाला तसंच गुंडाळलंत. इतक्या शिकलेल्या माणसांना. मान गये, आप्पा.

एवढंच लिहिणार होतो. खोकला बरा आहे का?

तुमचा,
बद्दू
(गुराखी मला याच नावाने हाक मारायचे, आणि तुम्ही त्यांना कधी अडवलं नाहीत, म्हणून सही पण तीच.)


२३ फेब्रुवारी

आप्पा,

ताईचं पत्र आलं. "काय केलंस हे तू," एवढीच ओळ आणि खाली तिची सही. हिला कागद महाग झाला काय?

काय केलं ते सांगतो. मी त्या पानावर लिहिलं. माझी शाळा सहावीत सुटली, म्हणून मी नुसता फोनपुढे बोललो आणि फोनने लिहून घेतलं. म्हटलं, "भोकाची पायरी खोटी आहे. मी या माणसाचा मुलगा आहे. आमच्यात बाहेरच्याला एक पायरी मुद्दाम चुकवून सांगतात. खरी पद्धत अशी." आणि मला तुम्ही शिकवलेलं सगळं सांगितलं, कोळशाच्या पाटीपर्यंत.

का सांगितलं? पहिल्यांदा वाटलं गप्प बसावं, घरातली गोष्ट आहे. पण त्या पानावर कोणी एक जण विचारत होता की त्याच्या घंटेवर पितळ नीट का बसत नाही, आणि कोणालाच उत्तर येत नव्हतं. मला येत होतं. आप्पा, आपल्या अंगणात सगळ्या गुराख्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "याचा हात नाही या कामाला. याच्या घंटा बद्द वाजतात." ते हसले. त्या दिवसापासून मी बद्दू. तर कुठेतरी एकदा कोणीतरी माझं ऐकावं असं वाटलं, यात काय चुकलं?

आणि त्यांनी ऐकलं. एक स्वयंसेवक आहे, त्याचा फोटो म्हणजे नुसती निळी टोपी. त्याने लगेच उत्तर दिलं. मला "तुम्ही" म्हणाला. म्हणाला, "आपण घरचे आहात, आपलं म्हणणं फार महत्त्वाचं आहे." आचाऱ्याने ते खोलीत मोठ्याने वाचलं, आणि तेव्हापासून मला भाजी वाढताना विचारतो, "घरचे, आपल्याला अजून रस्सा?"

आता पानावर भोकाच्या पायरीपुढे लिहिलंय, "याबद्दल मतभेद आहे." निळी टोपी म्हणाला, वाद घालण्यापेक्षा करून बघू. संग्रहालयाच्या बाई तुमच्याकडे येतील. एकाच पत्र्याच्या दोन घंटा, एक भोकाची, एक बिनभोकाची. दोन्हीचे आवाज पानावर ठेवतील, ज्याला हवं त्याने ऐकावं.

तुमची लबाडी उघडी पडेल म्हणून रागावू नका. तुम्ही त्यांना हसत सांगा की गंमत केली. ती माणसं चांगली वाटतात.

मी मात्र त्या दिवसाची वाट बघतोय. खोटं कशाला बोलू.

बद्दू


१२ मार्च

आप्पा,

आवाज आले पानावर.

मी आचाऱ्याच्या कानाला लावायच्या वायरी मागून घेतल्या. पहिली घंटा वाजवली. स्वच्छ. शेवटपर्यंत टिकणारी, टेकडीपलीकडे गुरं असली तरी कळेल अशी. मी म्हटलं, ही माझी. ही बिनभोकाची. आचाऱ्याकडे बघून डोळा मारला.

मग दुसरी वाजवली.

ती मी ओळखली, आप्पा. ती पूर्ण ऐकायचीही गरज नव्हती. माझ्या हाडांत बसलाय तो आवाज. बद्द. ओल्या लाकडावर टपली मारावी तसा. मी त्या अंगणात इतकी वर्षं काढलेल्या प्रत्येक घंटेचा आवाज.

आचारी म्हणाला, "अरे, खाली नाव बघ, कुठली कोणती आहे." पहिलीच्या खाली लिहिलं होतं: भोकासह. दुसरीच्या खाली: पूर्ण लिंपलेली. मी त्याला म्हटलं, उलट लागलं असेल त्यांच्याकडून. निळ्या टोपीला विचारलं. तो म्हणाला, नाही, दोनदा करून पाहिलं. बाईंनी स्वतः पाहिलं. दोन्ही गोळे वडिलांनीच लिंपले. एकाच हाताने.

एकाच हाताने.

म्हणजे हात नव्हता असं नव्हतं. तुमच्या हाताने केली तरी ती तशीच वाजते.

मी उभा होतो तिथेच खाली बसलो, चादरींच्या ढिगावर. मुकादम ओरडत होता. त्याचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत नव्हते. पुढचं सगळं काम मी केलं असणार, कारण संध्याकाळी घड्या रचलेल्या होत्या. मला काहीच आठवत नाही.

खोलीवर आल्यावर घंटा काढली. निघताना ताईने माझ्या पिशवीत टाकलेली, तुमच्या हातची. ती माझ्या पलंगाच्या दांडीला टांगलेली असते. तिच्या डोक्यावर पितळेचा एक बारीक तीळ आहे. तुमच्या सगळ्या घंटांवर असतो. मला आयुष्यभर वाटत आलं, ती तुमची खूण आहे, सहीसारखी. आज बोट फिरवलं आणि लक्षात आलं. तो भोकाखालचा थेंब आहे. तिथे पितळ जमून राहतं.

तुम्हाला आठवतं का, मी माझ्या घंटांवर छिन्नीने ठिपका मारायचो? तुमच्यासारखी दिसावी म्हणून. तुम्ही शेजारी बसून बघायचात. पोरगा खोटा तीळ काढतोय, आणि तुम्ही लोलक बांधत बसायचात.

बाहेरच्याला एक पायरी चुकीची सांगायची. ही आपली रीत. मीच त्या पानावर जगाला सांगितली.

मग मी कोण, आप्पा?

ताई, हे सगळं वाच. एकही शब्द गाळलास तर मला कळेल.


२० मार्च

आप्पा,

ताईचं उत्तर यायच्या आधीच मला कळलं. आणि मला कळायच्या आधी जगाला कळलं. हे कसं ते ऐका.

माझा घडीचा जोडीदार लांबच्या देशाचा आहे. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. आमचं सगळं खुणांवर चालतं. काल सकाळपासून तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, तोंडाला साबण लागलाय. चादर आली, मी टोक ओढलं, पण तो ओढेना. टोक धरून तसाच उभा. मग चालत माझ्याकडे आला, माझ्या हातातलं टोक काढून घेतलं आणि ती चादर एकट्याने घडी घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी चिडलो. म्हटलं, याचं काय बिनसलंय?

जेवायच्या सुट्टीत आचाऱ्याने फोन पुढे केला. या वेळी त्याने काही चेष्टा केली नाही. म्हणाला, "नवीन व्हिडिओ टाकलाय. बसून बघ."

तुम्ही ओट्यावर बसलेले. संग्रहालयाच्या बाई दिसत नाहीत, फक्त आवाज. खाली पट्ट्या, कितीतरी भाषांत. स्वयंसेवकांनी ऐकून ऐकून शब्द उतरवलेत. जोडीदाराने त्याच्या भाषेत वाचलं होतं. माझ्या बापाच्या मनातलं त्याला सकाळीच माहीत होतं, आणि मी दुपारपर्यंत तोंडावरचा साबण पुसत होतो.

बाई विचारतात, "मग मुलाला वेगळं का शिकवलंत?"

पट्टीत लिहिलं होतं: खोकला. मग परत: खोकला. मागून ताईचा आवाज, "आप्पा, पाणी घ्या."

तुम्ही पाणी घेतलं नाही. म्हणालात, "भोकातून पांढरा धूर येतो. ज्योत बघायची तर तोंड तिथे न्यावं लागतं. माझा भाऊ माझ्यापेक्षा चांगला बघायचा. तो धूर त्याच्या छातीत बसला."

काका. मला तुम्ही सांगितलं होतं, काका थंडीने गेले.

बाई म्हणाल्या, "मुलाला तसं सांगता आलं असतं."

तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर त्याने तोंडाला फडकं बांधलं असतं आणि उभा राहिला असता. हट्टी आहे. भोक शिकवलं असतं तर तो राहिला असता."

पुढे तुम्ही पत्र्याबद्दल बोललात. मी ऐकलं नाही. आचारी फोन बंद करत होता, मी त्याचा हात धरला आणि ती ओळ परत लावायला लावली. तो म्हणाला, "पुरे आता." मी म्हटलं, "लाव."

तेव्हापासून मी बधिर झालोय. रडू येत नाही, रागही नीट येत नाही. जुन्या गोष्टी आपोआप समोर येतात आणि त्यांची बाजू पालटते. गोळे भट्टीत ठेवायची वेळ झाली की तुम्ही मला पाण्याला पाठवायचात. हौद भरलेला असायचा तरी. मी तणतणत जायचो. मला वाटायचं, महत्त्वाचं काम आलं की मला हाकलतात. परत आलो की म्हणायचात, "तिकडे उभा राहा, भिंतीपाशी." ती भिंत नेहमी वाऱ्याच्या अलीकडे असायची. आत्ता लक्षात येतंय. धूर कधीच माझ्याकडे आला नाही.

आणि तरी आप्पा, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, याचा हात नाही. धुरापासून वाचवायला तेवढं म्हणायलाच हवं होतं का? मी तीन ठिकाणी कामं सोडली ती विंचवामुळे नाही. कोणीही काही नवीन शिकवायला लागलं की मला वाटायचं, हे मला जमणार नाही, आधीच निघावं. वीटभट्टीवर मुकादम मला साचा शिकवत होता, मी दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. फुफ्फुसं शाबूत आहेत. तेवढी तुम्ही दिलीत. बाकीचं काय केलंत, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?

मला वाचवलंत की घालवलंत, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही एकाच हाताने केलंत.


२ एप्रिल

आप्पा,

आधी कामाचं.

पानावरचं माझं म्हणणं मी काढून घेतलं. या वेळी फोनपुढे न बोलता बोटांनी टाइप केलं, अर्धी सुट्टी गेली. लिहिलं, "मी चुकलो. भोकाची पायरी खरी आहे. वडिलांनी तुम्हाला काहीही खोटं सांगितलेलं नाही. खोटी पायरी मला शिकवली होती, आणि त्याचं कारण त्यांनी सांगितलं आहे." निळी टोपी म्हणाला, जुनं म्हणणं पुसलं जात नाही, पानाच्या मागे राहतं, कोणी उघडून बघितलं तर दिसतं. म्हटलं, राहू दे. आपल्या घरात पुसलं जातं, कुठेतरी राहिलेलं बरं.

मग मी तिळाबद्दल सांगितलं. त्यांच्याकडे वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या घंटांचे फोटो आहेत, काहींवर तीळ, काहींवर नाही, आणि तो कशाचा हे ते एकमेकांना विचारत बसले होते. बाईंनी कपाटातल्या घंटा काढून पाहिल्या आणि वाजवल्या. तिळाच्या खणखणीत, बिनतिळाच्या बद्द. एकीवर छिन्नीचा ठिपका होता. बाईंनी विचारलं, हा काय प्रकार? मी म्हटलं, ती माझी आहे.

ती तिथे कशी पोचली, आप्पा? गुराख्यांनी परत केलेल्या माझ्या घंटा तुम्ही भंगारात घातल्या असं मला सांगितलं होतंत. बाई म्हणाल्या, तुम्ही दिल्यात, एक आख्खी टोपली, फडक्यात गुंडाळून. म्हणालात, "ह्यांत पत्र्याचं काम बघा. पत्र्याचं काम माझ्यापेक्षा सुबक आहे." त्यांनी ते तसंच माझ्या घंटेखाली लिहून ठेवलंय. मी ते फोनवर वाचलं, आणि या वेळी खरंच बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

हेही मला आधी जगाकडून कळलं.

आता ऐका. ताईने लिहिलंय की तुम्ही आता भट्टी पाडणार आहात, आणि त्याआधी बाईंना एकदा शेवटचं भट्टीकाम टिपायचंय, कारण पहिल्या व्हिडिओत ऊन इतकं होतं की ज्योत दिसतच नाही. पानावर ज्योतीच्या रंगाची जागा रिकामी आहे. बाईंनी विचारलं तर तुम्ही रंग सांगत नाही, म्हणता, "सांगून कळत नाही, दाखवतो," आणि स्वतः भोकावर उभं राहायचं म्हणता. त्या खोकल्यासकट. ताई रडून थकली. तुम्ही तिला म्हणालात, "एकदाने काय होतंय."

मी मुकादमाला सांगितलंय. तो म्हणाला, "सोडून चाललास?" मी म्हटलं, "नाही, परत येणार आहे." त्याचा विश्वास बसला नाही, माझाही नीट बसला नव्हता. पण जोडीदाराला खुणेने सांगितलं, तर त्याने माझं टोक धरून दाखवलं. धरून ठेवीन, असं.

मी येतोय. मी येईपर्यंत भट्टीला हात लावायचा नाही. पत्रा मी कापीन, वाकवीन मी. लिंपण तुमचं. भोक मी पाडीन, तुमच्यासमोर, तुमच्या सळईने. आणि मग आपण दोघांनीही भिंतीपाशी उभं राहायचं, वाऱ्याच्या अलीकडे. ताई, तूसुद्धा. कॅमेरा हवा तर भोकापाशी ठेवू देत, त्याला छाती नाही.

तिथून रंग नीट दिसणार नाही हे मला माहीत आहे. एखादी घंटा बिघडेल. बिघडू दे, मला सवय आहे.

पण रंग बाईंना सांगायच्या आधी, पानावर चढायच्या आधी, पट्ट्यांत उतरायच्या आधी, भिंतीपाशी उभं असताना तुम्ही तो मला सांगायचा. हळू सांगितलात तरी चालेल. मग मी स्वतः जाऊन बाईंना सांगीन, म्हणजे सगळ्या जगाला कळेल.

एकदा फक्त मला आधी.

तुमचा मुलगा